सुरत, मुंबई आणि हाकोने : नक्षीच्या पेटीमागील कारागिराचा दिवस

प्रस्तावना

कलाकुसरीच्या वस्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच वस्तूकडे असते. वस्तू संग्रहालयात टिकते, तिच्यावर क्रमांक पडतो, ती कोणत्या राजाची वा कोणत्या साहेबाची होती हे फलकावर लिहिले जाते. ती घडविणाऱ्या माणसाने सकाळी कोणते हत्यार प्रथम हाती घेतले, कोणते काम दुपारवर टाकले, कोणत्या ऋतूत त्याला हात आखडता घ्यावा लागला, हे प्रश्न मात्र मागे पडतात. वास्तविक या प्रश्नांची बरीचशी उत्तरे वस्तूच्याच अंगात असतात. सांधा कोठे आहे, करवतीचा माग कोणत्या दिशेने गेला आहे, नक्षीचा तुकडा किती जाड आहे हे पाहिले म्हणजे कारागिराचा दिवस काही अंशी पुन्हा उभा करता येतो.

प्रस्तुत लेखात दोन पेट्यांचा असा विचार केला आहे. पहिली पेटी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘मुंबई पेटी’ या नावाने प्रसिद्ध झालेली, सादेली कामाची. दुसरी जपानमधील हाकोने परिसरात आजही होणारी ‘हिमित्सु-बाको’, म्हणजे शब्दशः गुप्तपेटी. ठराविक क्रमाने फळ्या सरकविल्याखेरीज ती उघडत नाही. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध आला असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. दोन्हींच्या मुळाशी असलेले काम मात्र आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे: रंगीत काड्या जोडून ठोकळा करावयाचा, आणि त्या ठोकळ्याचे पातळ पापुद्रे काढून ते पेटीवर बसवावयाचे. काम सारखे असूनही एक परंपरा मुंबईतून नाहीशी झाली आणि दुसरी टिकली. कारागिराचे कसब कमी पडले म्हणून हे घडले असे म्हणता येत नाही. त्याच्या हाताखालचा माल कोठून येत होता आणि तयार पेटी कोणाच्या घरी जात होती, या दोन गोष्टींत या भिन्न दैवांचे कारण शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुरतेहून मुंबईकडे

पालघर, बोईसर, डहाणू ही स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, त्या मार्गाने मुंबई १८६४ मध्ये सुरत-अहमदाबादशी जोडली गेली. पण सुरतेची माणसे या किनाऱ्याने मुंबईकडे येण्याचा प्रघात त्याहून पुष्कळ जुना आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणीकार १७३६ मध्ये काही सुतारांना घेऊन सुरतेहून मुंबईस आले. त्या वेळी डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पुढे तीनच वर्षांनी, १७३९ च्या जानेवारीत, चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. सत्ता बदलल्या तरी सुरत-मुंबई ही कारागिरांची व सावकारांची वाट चालूच राहिली. तारापूरचेच विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू हैदराबादच्या निजामाच्या राज्यात सावकार म्हणून नावारूपास आले. विकाजींनी १८२० मध्ये तारापुरात बांधलेली अग्यारी त्या समृद्धीची साक्ष देते.

सादेलीचे काम याच वाटेने मुंबईत आले. यासंबंधीचा महत्त्वाचा जुना उल्लेख जॉर्ज बर्डवुड यांचा आहे. बर्डवुड यांचा जन्म १८३२ मध्ये बेळगावचा. मुंबईच्या सेंट्रल म्युझियमचे ते क्युरेटर होते आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. भारतीय कारागिरीवरील त्यांचा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम इराणातील शिराझ येथून सिंधमध्ये, सिंधमधून सुरतेस आणि तेथून मुंबईस आले, असा क्रम ते देतात. शिराझमध्ये ‘खातम’ या नावाने हीच पद्धत आजही जिवंत आहे, त्यामुळे हा क्रम विश्वसनीय वाटतो. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात मुंबईच्या या जडावकामाचे नमुने मांडले गेले आणि त्यानंतर मुंबईहून मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानात एखादी तरी ‘मुंबई पेटी’ असणे ही जवळजवळ रीतच झाली.

गंमत अशी की ज्या शहराचे नाव या पेटीस मिळाले, त्या शहराच्या मराठी भाषेत तिला स्वतंत्र नाव मिळाले नाही. मराठी घरात फणेरपेटी होती, करंडा होता, संदूक होती, आणि पेटीतल्या गुप्त खणाला चोरकप्पा हा नेमका शब्दही होता. (चोरापासून लपविण्यासाठी केलेल्या खणाला आपण चोराचेच नाव द्यावे, हे भाषेचे नवलच.) सादेलीची पेटी यांपैकी कशातच मोडली नाही, कारण ती मराठी घरासाठी घडलीच नव्हती.

ठोकळ्यातील काम

सादेली पेटी पाहणाऱ्यास प्रथम दिसतात ती काळ्या-पांढऱ्या-हिरव्या रंगांची बारीक चांदणीसारखी फुले. एकेक कण चिमट्याने उचलून बसविला असावा असा पाहणाऱ्याचा समज होतो. तसे कोणी करू लागले असते तर एका पेटीत आयुष्य गेले असते. कारागिराची युक्ती निराळी होती. तो फूल बसवीत नसे. तो फुलाचा दांडा तयार करीत असे.

हस्तिदंत, सांबराचे शिंग, आबनूस, पतंग आणि चंदन यांच्या लांब बारीक काड्या प्रथम घडवाव्या लागत. काही काड्या त्रिकोणी, काही गोल, काही चौकोनी. हस्तिदंताच्या वा हाडाच्या काही काड्या हिरव्या रंगात भिजवून रंगविल्या जात. त्यांच्या जोडीला कथिलाची तार असे. या सर्व काड्या ठरलेल्या क्रमाने सरस लावून एकत्र बांधावयाच्या, दाबून धरावयाच्या आणि वाळू द्यावयाच्या. वाळलेल्या जुडीच्या छेदावर नक्षी उमटलेली असते. अशा जुड्या पुन्हा शेजारी शेजारी जोडून मोठा ठोकळा करता येतो. मग बारीक दाताच्या करवतीने आडवे काप घेतले की प्रत्येक चकतीवर तेच फूल, त्याच मापाचे. आपल्या घरात वडीची गुंडाळी कापताना प्रत्येक कापावर तोच वळसा दिसतो, तसाच हा प्रकार. या चकत्या सरसाने चंदनाच्या वा आबनुसाच्या पेटीवर बसवून, घासून, झिलई दिली की पेटी पूर्ण झाली. बर्डवुड यांनी या नक्ष्यांची नावे नोंदविली आहेत. त्यांत चकर गुल, त्रिकोनिया गुल, एकदाणा अशी नावे येतात. फारसी ‘गुल’ आणि गुजराती ‘दाणा’ एकाच कारखान्यात नांदत होते, हे त्या नावांवरून सहज कळते.

या पद्धतीचा कारागिराच्या दिवसावर काय परिणाम होत असे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पहिले म्हणजे, चूक कोठे महाग पडते याचे गणित बदलते. जुडी बांधताना एक काडी केसभर सरकली, तर तो दोष एका फुलात राहत नाही; त्या ठोकळ्यातून निघणाऱ्या प्रत्येक चकतीवर तो येतो. म्हणून सर्वांत अधिक सावधगिरी लागे ती जेथे दिसण्यासारखे काहीच नसते त्या टप्प्यावर, म्हणजे काडी कानशीने घासताना. दुसरे म्हणजे, काम सलग होत नाही. सरस वाळेपर्यंत ठोकळ्याला हात लावता येत नाही. त्यामुळे एकाच वेळी एक ठोकळा वाळत असतो, दुसऱ्याच्या काड्या घासल्या जात असतात आणि तिसऱ्याच्या चकत्या पेटीवर बसत असतात. आज कोणती पेटी केली, या प्रश्नाला अशा कारखान्यात उत्तरच नसते. तिसरी गोष्ट मुंबईच्या हवेची. प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस ओल धरतो. आषाढात घराची दारे फुगतात हे आपल्या किनारपट्टीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याचे सारे काम सरसावर अवलंबून त्याला पावसाळ्याचे चार महिने किती जिकिरीचे गेले असतील याची कल्पना करणे अवघड नाही.

आणखी एक गोष्ट करवतीची. करवत प्रत्येक कापागणिक स्वतःच्या दातांएवढा माल भुशात घालविते. पातळ चकत्या काढताना हा भुसा चकतीच्या मानाने थोडाथोडका नसतो. लाकडाचा भुसा सोसतो. हस्तिदंताचा भुसा म्हणजे रोकड रकमेची धूळ होय. हा मुद्दा हाकोनेच्या संदर्भात पुन्हा येईल.

मुंबईत केवळ दागिन्यांच्या पेट्या होत नसत. विलायती घाटाच्या शिवणपेट्या आणि उताराच्या झाकणाच्या लेखनपेट्याही होत. विलायती लेखनपेटीत दौतीच्या खणाआड लहान चोरकप्पा असे. विशिष्ट पट्टी दाबली की आतली फळी सुटे आणि छोटे खण हाती येत. म्हणजे गुप्ततेची हौस इंग्रज गिऱ्हाइकालाही होतीच. पण तेथे गुपित पेटीच्या एका कोपऱ्यात असते. हाकोनेत ते पेटीचे सर्वांगच होते.

हाकोनेची गुप्तपेटी

जपानमधील एदो आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग ओदावारा सोडल्यावर हाकोनेचा घाट चढू लागतो. या घाटातील हाताजुकु या गावी एदो काळाच्या अखेरीस, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इशिकावा जिनबेई या कारागिराने रंगीत लाकडांच्या जोडकामास आरंभ केला असे मानले जाते. या कामाला ‘योसेगी-झाइकु’ म्हणतात. घाटातील वाटसरू आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर येणारे लोक हे या मालाचे पहिले गिऱ्हाईक. आपल्याकडे पंढरीच्या वा ज्योतिबाच्या वाटेवर जशी खेळण्यांची व कुंकवाच्या करंड्यांची दुकाने लागतात, तसाच हा व्यवहार होता.

येथेही आरंभ काड्यांपासूनच होतो. फरक एवढाच की येथे हस्तिदंत नाही, कथील नाही आणि रंगही नाही. पांढरे, पिवळे, तांबूस, करडे, काळपट असे जे रंग नक्षीत दिसतात, ते निरनिराळ्या झाडांचे मूळ रंग. हाकोनेचे डोंगर वृक्षांच्या वैविध्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि या धंद्याचा पाया त्या वैविध्यावरच घातला गेला. लाकूड प्रथम दीर्घकाळ वाळविले जाते. साच्यात बसवून काड्यांचे कोन रंध्याने तासले जातात, काड्या जोडून दोरीने घट्ट आवळल्या जातात, वाळल्यावर कापून पुन्हा जोडल्या जातात. अशा ठोकळ्याला कारागीर ‘बियाण्याचे लाकूड’ अशा अर्थाच्या शब्दाने संबोधतात, आणि हे नाव फार समर्पक आहे.

यानंतर येते हाकोनेच्या कारागिराचे वैशिष्ट्यपूर्ण काम. तो ठोकळ्याचे काप करवतीने घेत नाही; रुंद पात्याच्या रंध्याने तो ठोकळ्यावरून अखंड पापुद्रा सोलतो. आपला सुतार रंधा पुढे ढकलतो. जपानी सुतार तो स्वतःकडे ओढतो. ओढून निघालेला हा पापुद्रा मिलिमीटरच्या साधारण पाचव्या भागाएवढा पातळ असतो आणि त्यावर पूर्ण नक्षी असते. त्याला ‘झुकु’ म्हणतात. निघताना तो गुंडाळला जातो, म्हणून त्याला इस्त्री करून सरळ करावे लागते आणि मगच तो पेटीवर चिकटविता येतो. भुसा नाही, नासाडी जवळजवळ नाही, आणि एका ठोकळ्यातून शेकडो पापुद्रे. साहजिकच पात्याला धार लावणे हे येथे किरकोळ काम राहत नाही. दगडावर पाते घासण्यात जाणारा वेळ बाहेरच्यास रिकामा वाटतो, पण धार बोथट असेल तर पापुद्रा फाटतो आणि ठोकळ्याचा पृष्ठभागही बिघडतो.

गुप्तपेटीत या नक्षीला आणखी एक काम असते. पेटीच्या भिंती एकसंध नसतात. जीभ आणि खोबण यांनी त्या एकमेकींत अडकविलेल्या असतात. एका बाजूची फळी किंचित सरकली की शेजारच्या फळीची अडण सुटते. ती सरकली की तिसरीची. आणि शेवटी झाकण मोकळे होते. सामान्य पेट्या ४, ७, १० वा २१ चालींच्या असतात. ७२ चालींच्या पेट्याही झाल्या आहेत. कोणती फळी सरकते हे सांध्याच्या रेषेवरून कळून येईल, म्हणून सांधा दिसू न देणे आवश्यक. आणि भौमितिक नक्षीच्या असंख्य रेषांत सांध्याची एक रेषा सहज हरवते. मुंबई पेटीवरील फुले हा अलंकार होता. हाकोनेच्या पेटीवर तोच अलंकार कुलपाचे काम करतो.

अशी पेटी करणारा कारागीर एकेक पेटी पूर्ण करीत बसत नाही. एकाच मापाच्या अनेक पेट्यांच्या फळ्या तो एकत्र कापतो, खोबणी एकत्र पाडतो, जोडणी एकत्र करतो. जपानी ‘सुन’ हे सुमारे तीन सेंटिमीटरचे जुने माप या धंद्यात अजून चालते. दिवसाचा मोठा भाग जातो तो फळी सरकवून पाहण्यात. सैल झाली तर गुपित फुटते. घट्ट झाली तर दमट उन्हाळ्यात फुगून पेटी उघडेनाशी होते. जपानचा उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा, त्यामुळे दोन्ही ऋतूंत चालेल असे अंतर राखावे लागते. त्याचे माप कागदावर लिहून ठेवता येते, पण खात्री बोटांनाच करावी लागते.

माल, गिऱ्हाईक आणि संस्था

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुंबईच्या सादेली पेटीतील वस्तूंची गावे पाहिली तर हस्तिदंत बहुतांशी पूर्व आफ्रिकेतून झांझिबारमार्गे येई, कथील मलायाकडून, चंदन म्हैसूर-कानड्यातून, पतंग मलबारकडून. ठाणे जिल्ह्याच्या जंगलात साग व शिसव होते आणि आजचा पालघर तालुका त्या काळी माहीम तालुका म्हणून या जंगलपट्ट्याच्या कडेला होता. पण पेटीच्या फुलांत लागणाऱ्या मुख्य मालापैकी जवळचे असे फारसे काही नव्हते. बंदर होते म्हणून पेटी होती. कारागीर मालाच्या बाबतीत व्यापाऱ्याचा कायमचा ऋणी आणि विक्रीच्या बाबतीत गोऱ्या गिऱ्हाइकाचा. पुढे कायद्यानेही हा माल बंद झाला: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात आफ्रिकन हस्तिदंताचाही. हे कायदे योग्यच होते. हत्ती वाचविणे पेटी वाचविण्याहून महत्त्वाचे, यात दुमत असू नये. मुंबईतील ऱ्हास मात्र कायद्याची वाट पाहत थांबला नव्हता. विलायती घराची आवड बदलली, लेखनपेटीच कालबाह्य झाली, आणि मराठी वा गुजराती घरात त्या पेटीला बसावयास जागा नव्हती.

हाकोनेचा मालही परदेशी गेला हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुले झाल्यावर जोडकामाच्या वस्तू तेथून युरोप-अमेरिकेस जाऊ लागल्या. म्हणजे निर्यात हाच घातक घटक होता असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फरक असा, की निर्यात ओसरली तेव्हा हाकोनेच्या घाटात देशी पाहुणा येतच होता. झऱ्यांवर स्नानास येऊन परतताना पेटी घेऊन जाणारे जपानी कुटुंब हा या धंद्याचा कणा राहिला. त्यात संस्थेची भर पडली: १९८४ मध्ये जपान सरकारने हाकोनेच्या योसेगी-झाइकुला पारंपरिक हस्तकलेचा अधिकृत दर्जा दिला, आणि १९९९ मध्ये गुप्तपेट्या करणाऱ्या कारागिरांनी अकिओ कामेई यांच्या पुढाकाराने स्वतःचा गट स्थापन केला. आज तेथेही छापील नक्षीची स्वस्त पेटी दुकानात असते आणि अस्सल पापुद्र्याची पेटी तिच्या शेजारी महाग वाटते. तरीही दोन्ही एकाच फळीवर आहेत, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडे असे उदाहरण शोधावयाचे तर सावंतवाडीकडे पाहावे लागते. तेथील लाखकाम आणि गंजिफा लयास जात असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारखाना चालवून कारागिरांना काम दिले. संस्थेचा आधार मिळाल्यास काय होते याचा तो पुरावा आहे. पालघर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर वारली तारप्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. वाळविलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण एवढ्यावर ते वाद्य उभे राहते. माल पाड्याच्या हाकेवर आणि वाजविणारा, नाचणारा पाड्यावरचाच. तारप्याला राजाश्रय नव्हता, निर्यात नव्हती. तरी जव्हार-डहाणूच्या पाड्यांवर तो आजही घडतो.

सुरतेत सादेलीचे काम मोजक्या हातांत शिल्लक आहे. हस्तिदंताच्या जागी आता प्लॅस्टिक आणि इतर पर्यायी पदार्थ आले आहेत. मुंबईत त्या धंद्याची उरलेली खूण आडनावात सापडते. पेटीगरा, म्हणजे पेट्या घडविणारा. धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर खानबहादूर कावसजी जमशेदजी पेटीगरा यांचा पुतळा उभा आहे. ते मुंबई पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागात उपायुक्तपदापर्यंत चढलेले पहिले भारतीय अधिकारी होते, आणि त्यांचा जन्म सुरतेचा होता.